जर हे विश्वच हिशोबातलं असेल तर? विज्ञानकथेचं बीज शोधण्याची रीत

विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एक कल्पना कधी ना कधी उतरतेच: आपण राहतो ते जग कुणीतरी संगणकावर चालवलेलं आहे. कल्पना सुचते तेव्हा अंगावर काटा येतो. दोन पानं झरझर लिहून होतात. मग नायकाला सत्य कळतं, आकाश फाटतं आणि कथा तिथेच अडते. पुढे काय, ते सुचत नाही.

अडण्याचं कारण बहुधा एकच असतं. ‘जग आभासी आहे’ ही फक्त जमीन झाली. पेरणी अजून व्हायची आहे. ती पेरणी आपण इथे पायरीपायरीने करून पाहू. विज्ञानाची पदवी लागत नाही. वही, पेन, दीड-दोन तास आणि जमल्यास आणखी दोन-तीन उत्सुक माणसं, एवढी तयारी पुरे. एकच उदाहरण शेवटपर्यंत हाताशी धरू, म्हणजे प्रत्येक पायरीवर नेमकं काय करायचं ते दिसेल.

पायरी १ : बैठक कशी बसवायची

अनेक कल्पना मोकळेपणाने मांडायच्या आणि मग त्यांतून निवड करायची, याला विचारमंथन म्हणतात. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी ही रीत रुजवली. १९५३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली. नियम साधे आहेत: टीका नंतर करायची, कल्पना जितक्या जास्त तितक्या चांगल्या, विचित्र कल्पनेलाही जागा द्यायची आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्यांनी लगेच बोलायला सुरुवात करणं. जो आधी आणि मोठ्याने बोलतो, त्याच्याच कल्पनेभोवती बाकीचे फिरत राहतात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या वहीत, न बोलता लिहावं. वाचून दाखवायचं त्यानंतर. आपण एकटेच असाल तर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत मागे जाऊन काहीही खोडू नका.

पायरी २ : शब्दाचा अर्थ पक्का करा

सिम्युलेशन म्हणजे एखाद्या खऱ्या गोष्टीची नियमांच्या आधारे चालवलेली प्रतिकृती. हवामान खातं उद्याच्या पावसाचा अंदाज देण्यासाठी वातावरणाची अशीच प्रतिकृती संगणकात चालवतं. वारा, दाब, तापमान, बाष्प यांचे आकडे भरायचे, भौतिकशास्त्राचे नियम लावायचे आणि घड्याळ पुढे सरकवायचं. आता या प्रतिकृतीत ढगांबरोबर माणसंही आहेत, ती विचार करतात, आणि आपण प्रतिकृतीत आहोत हे त्यांना ठाऊक नाही, असं समजा. आपला विषय तो आहे.

या विषयाला तत्त्वज्ञानात धारदार रूप दिलं ते निक बोस्ट्रॉम यांनी, २००३ सालच्या एका निबंधात. त्यांनी तीन शक्यता मांडल्या. पहिली: अशी प्रतिकृती चालवण्याचं सामर्थ्य मिळवण्याआधीच जवळपास सगळ्या संस्कृती नष्ट होतात. दुसरी: सामर्थ्य मिळालं तरी आपल्या पूर्वजांच्या जगाच्या प्रतिकृती चालवण्यात जवळपास कुणालाच रस उरत नाही. तिसरी: आपण जवळजवळ नक्कीच अशा एखाद्या प्रतिकृतीत राहतो आहोत. या तिन्हींपैकी निदान एक खरी असली पाहिजे, एवढाच त्यांचा दावा आहे.

गडबड होते ती इथे. ‘आपण प्रतिकृतीत राहतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं वाक्य पात्राच्या तोंडी घातलं, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. शिवाय पहिल्या दोन शक्यतांकडे लेखक ढुंकूनही पाहत नाहीत. प्रतिकृती चालवण्याचं सामर्थ्य असूनही ती चालवायची नाही असं ठरवलेला समाज कसा असेल? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. त्यातही एक कथा आहे.

पायरी ३ : माणूस बाहेरचा की आतलाच?

हा निर्णय सगळ्यात आधी घ्यायला हवा. एका प्रकारात माणसाचं खरं शरीर बाहेर असतं आणि फक्त त्याच्या जाणिवेला खोटं जग दाखवलं जातं. १९९९ चा ‘द मॅट्रिक्स’ हा चित्रपट या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारात माणूस स्वतःच हिशोबातून घडलेला असतो. बाहेर त्याचं काहीच नसतं. डॅनियल गालूय यांच्या १९६४ च्या ‘सिम्युलाक्रॉन-३’ या कादंबरीतलं कृत्रिम शहर आणि ग्रेग ईगन यांच्या १९९४ च्या ‘पर्म्युटेशन सिटी’तल्या माणसांच्या संगणकीय प्रती या वाटेने जातात.

नवख्या कथांमध्ये हे दोन प्रकार नकळत मिसळतात. नायक हिशोबातला आहे असं सांगितलेलं असतं, आणि शेवटी तो एका काचेच्या पेटीत डोळे उघडतो. मग ते डोळे आले कुठून? आतल्या माणसाला बाहेर आणायचंच असेल, तर त्यासाठी शरीर कुणी, का आणि कशाच्या बदल्यात दिलं, हे कथेत घडावं लागतं.

आपल्या उदाहरणासाठी दुसरा प्रकार घेऊ. आपली माणसं आतलीच आहेत. त्यांना जागं व्हायला दुसरीकडे जागाच नाही. दिसायला ही अडचण आहे, पण कथेला तिचा फायदा होतो: पळून जाण्याचा मार्ग बंद झाला, की पात्राला आहे तिथेच काहीतरी करावं लागतं.

पायरी ४ : हे चालवतंय कोण आणि कशासाठी?

एवढा मोठा खटाटोप कुणी उगाच करणार नाही. फ्रेडरिक पोल यांच्या १९५५ च्या ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ या कथेत एका गावाची माणसं पुन्हा पुन्हा तोच दिवस जगतात, कारण त्यांच्यावर जाहिरातींचे प्रयोग चाललेले असतात. गालूय यांच्या कादंबरीत कृत्रिम लोकसंख्या उभारली जाते ती लोकमत आणि बाजारातला कल आधीच अजमावण्यासाठी. पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांनी ‘नॉन सर्व्हियम’मध्ये कृत्रिम जीव घडवणारा प्राध्यापक दाखवला. ते जीव आपला कर्ता कोण, त्याचं आपण काही देणं लागतो का, यावर आपसांत वाद घालतात. तिन्हींचा पाया जवळपास सारखाच आहे. हेतू वेगळे, म्हणून कथा वेगळ्या.

आता कागदावर एक ते दहा आकडे घाला आणि दहा हेतू लिहा. पहिले तीन सहज येतील: मनोरंजन, युद्धाचा सराव, इतिहासाचा अभ्यास. ते तिन्ही खोडा. आपल्याला जे पटकन सुचलं ते इतर शंभर जणांनाही सुचलेलं असतं. पाचव्या-सहाव्या आकड्याला डोकं रिकामं वाटेल. तिथे उठू नका. खरं काम तिथूनच सुरू होतं.

आपल्या उदाहरणात सातव्या क्रमांकावर हे आलं असं धरू: चालवणाऱ्यांच्या जगातलं पाणी संपत आलं आहे, आणि कमी पाण्यात माणसं एकमेकांशी कशी वागतात हे त्यांना आपल्याकडून शिकायचं आहे. पाहा, चालवणारे आता सर्वशक्तिमान देव राहिले नाहीत आणि दुष्टही राहिले नाहीत. त्यांचीही अडचण आहे. अडचणीतल्या माणसाविषयी लिहायला पुष्कळ असतं.

पायरी ५ : काटकसर कुठे केली आहे?

ही सगळ्यात रसाळ पायरी. इथे सावकाश जा. संगणक कितीही अवाढव्य असला तरी त्याची ताकद मोजकी असते. मोजक्या ताकदीत अख्खं विश्व चालवायचं तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागणार. ही काटकसर आत राहणाऱ्यांना कशी दिसेल, या प्रश्नातून कथेची बीजं मिळतात.

आधी एक छोटा प्रयोग करा. ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ १९७० साली प्रसिद्ध झाला. चौकटीच्या कागदावर काही घरं पेन्सिलीने भरा, ती जिवंत. प्रत्येक घराला कोपऱ्यांसकट आठ शेजारी. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, एरवी मरतं. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी मिळाले तर ते जिवंत होतं. एवढ्याच नियमांवर पिढ्या पुढे न्या. काही आकृती विझतात, काही स्थिरावतात आणि पाच घरांची एक आकृती चक्क कागदावरून तिरकी चालत जाते. चालण्याचा नियम कुणी लिहिलेला नव्हता. आपल्या कथेतल्या चालवणाऱ्यांनाही आत काय उगवेल हे आधी कळणार नाही, हे यातून हाताला कळतं.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या काटछाटीची. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं एक साधं गणित संगणकावर पुन्हा चालवत होते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जुळली, मग हळूहळू फाटत गेली आणि शेवटी दोन्ही हवामानांत काही साम्य उरलं नाही. दशांश चिन्हानंतरचे शेवटचे तीन आकडे गाळल्याने वादळाची वाट बदलते. विश्व चालवणाऱ्यानेही कुठेतरी आकडे गाळले असतील ना?

तिसरी गोष्ट मोजण्याच्या मर्यादेची. अनेक जुन्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत मोजतात. त्या जागेत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठला जाईल. त्यापुढच्या क्षणी, दुरुस्ती न केलेलं घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. आपल्या विश्वाच्या घड्याळालाही असा शेवटचा आकडा असेल तर?

भौतिकशास्त्रज्ञांनीही या दिशेने गंभीरपणे विचार केला आहे. सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज यांनी २०१२ साली मांडलं की अवकाश जर कागदाच्या चौकटींसारखं विभागलेलं असेल, तर अतिशय ऊर्जावान वैश्विक किरणांच्या दिशांमध्ये त्याची खूण उमटू शकेल. अशी खूण आजवर सापडलेली नाही, पण कथेतल्या संशोधकाला शोधायला काहीतरी नेमकं मिळतं.

आता पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे काटकसर, उजवीकडे माणसांना काय दिसेल ते. उदाहरणार्थ, न पाहिलेल्या जागा ढोबळ ठेवल्या: किल्ल्यावरच्या शतकानुशतकं बंद तळघरात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला क्षणभर भिंतीच दिसत नाहीत. आठवणी दाबून साठवल्या: दोन म्हाताऱ्या बहिणींना एकच प्रसंग शब्दशः सारखा आठवतो, आणि त्यांतली एक तिथे नव्हतीच. पाऊस नव्याने न मोजता जुनाच वापरला: पन्नास वर्षांपूर्वीचा पावसाळा जसाच्या तसा परत येतो. आपल्या उदाहरणासाठी हा शेवटचा घेऊ.

चूक कुठे होते? प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरला अडतो, हाच जग आभासी असल्याचा पुरावा, अशा थाटात लेखक लिहितात. तो पुरावा नाही. मर्यादा असण्याला निसर्गातली इतर कारणंही असू शकतात. पात्राला शंका येऊ द्या. लेखकाने निकाल देऊ नये.

पायरी ६ : हे आधी कुणाच्या लक्षात येईल?

दहापैकी नऊ जण इथे संगणक अभियंत्याला उभं करतात. त्याऐवजी असं विचारा: ही विशिष्ट काटकसर रोज कुणाच्या हाताखालून जाते? भरती-ओहोटीची वेळ सांभाळणारा मच्छीमार, सिग्नलची नोंद ठेवणारा रेल्वे कर्मचारी, पंचांगाचं गणित करणारा गृहस्थ. वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला फरक आधी दिसतो.

आपल्या कथेत एक निवृत्त शिक्षिका घेऊ. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतं. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद त्या रोज सकाळी साडेआठला घेतात. आपल्याकडे दिवसाचा पाऊस त्याच वेळी मोजतात. नोकरी संपली तरी सवय सुटलेली नाही. एके दिवशी शाळेचं कपाट आवरताना जुन्या वह्या निघतात. बाई सहज ताडून पाहतात: गेल्या साली पडलेला पाऊस १९७० च्या पावसाशी आणि यंदाचा १९७१ च्या पावसाशी, तारीखवार, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत जुळतो.

पुढच्या वर्षी काय येणार हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ. तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे मिळणारी सुकडी घरी आणत. आता वाचकाला संगणक कसा चालतो हे कळलं नाही तरी बाईंचा हात का थरथरला ते कळतं.

पायरी ७ : ‘मग काय?’ पाच वेळा विचारा

बीज मिळालं की प्रत्येक उत्तराला ‘मग काय?’ असं विचारत जा. बाईंना कळलं. मग काय? त्या ग्रामसभेत सांगतात. वय झालं, असं म्हणून लोक सोडून देतात. मग काय? एक जुना विद्यार्थी तेवढा ऐकतो, उसाऐवजी कमी पाण्याचं पीक घ्यायचं ठरवतो आणि शेततळं खणतो. मग काय? त्याचं पाहून दुसरे खणतात, ओढ्यावर बांध पडतात, गाव कामाला लागतं.

मग काय? गावाची जमीन आता १९७२ सारखी राहिलेली नाही. जुना पाऊस तिच्यावर बसत नाही. यंत्रणेला त्या गावापुरता पाऊस नव्याने मोजावा लागतो. पाऊस चांगला पडतो. बाई सगळ्यांसमोर खोट्या ठरतात. मग काय? कमी पाण्याशी कसं वागायचं याचं जे उत्तर बाहेरचे लोक शोधत होते, ते त्यांना या गावात मिळालेलं असतं. प्रयोगाचं काम झालं. आता ते हे विश्व चालू ठेवतील का?

इथे आपल्याला खरा पेच सापडला. इशारा खरा ठरायचा तर गाव उजाड व्हायला हवं. गाव वाचलं तर बाईंची पत जाते, आणि कदाचित सगळ्यांचंच जग धोक्यात येतं. पुष्कळ जण दुसऱ्या ‘मग काय?’पाशी थांबतात. निदान पाचव्यापर्यंत जा.

पायरी ८ : घरची शिदोरी जपून वापरा

जग भासमान असण्याचा विचार आपल्याला नवा नाही. ‘योगवासिष्ठा’त लवण राजाची गोष्ट आहे. दरबारात आलेला एक जादूगार मोरपिसांचा कुंचला फिरवतो आणि राजा बसल्या जागी निश्चल होतो. तेवढ्या वेळात तो दूरच्या अरण्यात पोहोचतो, चांडाळांच्या वस्तीत लग्न करतो, मुलंबाळं होतात, म्हातारा होतो, दुष्काळात होरपळतो. भानावर येतो तेव्हा दरबारात फक्त काही घटका गेलेल्या असतात. गोष्ट इथे संपत नाही. राजा ते अरण्य शोधत निघतो आणि तिथे त्याला आपल्या माणसांसाठी रडणारी, त्या भासातलीच एक म्हातारी खरोखर भेटते. भासातलं दुःख भासाबाहेरही उरलं. आपल्या विषयाचा गाभा याहून नेमका सांगणं कठीण आहे.

धोका एकच: ‘सगळी माया आहे’ असं वाक्य शेवटी चिकटवून मोकळं होण्याचा. मराठी परंपरेतही या प्रश्नावर एकमत नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जग अज्ञानातून आलेला भ्रम आहे हे मत खोडून काढलं आणि जगाला चैतन्याचा विलास म्हटलं. आपलं पात्र कुठल्या बाजूचं आहे? प्रतिकृतीतल्या दोन माणसांमध्ये यावरून वाद होऊ द्या. शब्द उसने घेण्यापेक्षा मतभेद उसना घेतलेला बरा.

पायरी ९ : तीन कसोट्या

पहिली: कथेतून सिम्युलेशन काढून त्या जागी ‘स्वप्न’ घालून पाहा. काहीच बिघडत नसेल तर पाचव्या पायरीवर परत जा. आपल्या उदाहरणात बिघडतं, कारण स्वप्नाला पाऊस वाचवावा लागत नाही.

दुसरी: ‘जग आभासी आहे’ हे रहस्य शेवटच्या ओळीसाठी राखलं असेल, तर ते पहिल्या पानावर आणा. रहस्य फुटूनही कथा चालत असेल तरच ती उभी आहे.

तिसरी: अख्खी कल्पना एका वाक्यात, त्यात माणसाचं नुकसान येईल अशा रीतीने सांगा. ‘परत येणारा दुष्काळ एका निवृत्त शिक्षिकेला आधीच कळतो, पण तिने गाव वाचवलं तर ती खोटी ठरणार आहे.’ असं वाक्य जमलं की वही मिटा आणि दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशीही ते वाक्य आपल्याला हाक मारत असेल, तर लिहायला बसा.

शेवटी संकोचाविषयी. ‘आपल्याला विज्ञान कुठे येतं’ म्हणून कित्येक चांगल्या कल्पना वहीतच राहतात. जयंत नारळीकर यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९७४ साली आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. कथेचा निवाडा नावावरून न होता कथेवरूनच व्हावा, ही त्यांची इच्छा होती. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याही कल्पनेला हाच न्याय लागू आहे. विश्व कुणी चालवत असो वा नसो, आपल्या गावातल्या एका माणसाला त्यात काय सोसावं लागेल, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आज रात्री पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि पहिले दहा हेतू लिहून काढा.